कागद आला नव्हता

शाल्वाला पदवी मिळाली त्या दिवशी मी जे केलं ते चुकून झालं, असं मी पादोव्यात सगळ्यांना सांगितलं आहे. इथे तसं सांगणार नाही. मी ते ठरवून केलं, आणि करताना मला बरं वाटत होतं.

आम्ही दोघंही जॉर्जियाचे. तो काखेतीतल्या द्राक्षमळ्यांच्या एका गावचा, मी कुताईसीची. एकाच वर्षी इटलीत, पादोव्याला आलो, इंजिनिअरिंगच्या एकाच वर्गात बसलो, एकाच वसतिगृहात वरच्या-खालच्या मजल्यांवर राहिलो. पहिल्या वर्षीचा नियम आम्हा परदेशी पोरांना देवाच्या प्रार्थनेआधी पाठ होतो: दहा ऑगस्टच्या आत ठरलेले क्रेडिट झाले नाहीत, तर स्कॉलरशिप जाते, तिच्यामागून खोली जाते आणि मग तुझं तू बघ.

त्या वर्षी सहा जूनला माझे वडील गेले. मी दुसऱ्या दिवशी विमानात बसले. तीन आठवडे घरी राहून परत आले आणि जुलैचे पेपर दिले, पण पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. दोन्ही पेपरांत आपटले. नऊ क्रेडिट कमी पडले, खोली गेली. आज मी स्टेशनजवळच्या एका बारमध्ये कप विसळते, अर्ध्या खोलीत राहते, आणि माझ्या आठ परीक्षा अजून शिल्लक आहेत.

शाल्वाचं तसं झालं नाही, कारण शाल्वा गेला नाही.

तीन जुलैला आम्ही दोघं पोलिसांच्या परदेशी विभागात रांगेत उभे होतो. सकाळी सहापासून उभे राहून दुपारी बारा वाजता आम्हाला रहिवासाची कार्डं मिळाली. त्याचा फोटो इतका भयानक आला होता की आम्ही बसथांब्यापर्यंत हसत गेलो. सहा दिवसांनी त्याची आई, लामारा, मळ्यात काम करता करता पडली आणि तिथेच संपली.

आमच्याकडे माणूस गेलं की लगेच पुरत नाहीत. घरातल्या मोठ्या खोलीत मधोमध शवपेटी ठेवतात, बायका भोवती बसतात, गाव येऊन फेरी मारून जातं. परदेशातलं माणूस यायचं असेल तर त्याच्यासाठी थांबतात. चार दिवस, पाच दिवस, जमेल तितके. शाल्वाने वडिलांना फोनवर सांगितलं की त्याचं कार्ड अजून आलेलं नाही, कार्डाशिवाय देश सोडला तर परत घेणार नाहीत, पण आज-उद्यात येईल, थांबा. ते थांबले. जुलैचा उन्हाळा होता. शहरातून माणूस बोलावून देह टिकावा म्हणून इंजेक्शनं दिली, बर्फाच्या लाद्या आणल्या, खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या. रोज संध्याकाळी त्याच्या वडिलांचा, जुम्बेर काकांचा, फोन यायचा, आणि शाल्वा जिन्यात उभा राहून सांगायचा की आज नाही आलं, बाबा, उद्या येईल. नवव्या दिवशी त्यांनी तिला पुरलं. दहाव्या दिवशी शाल्वाचा मोठा पेपर होता. त्याला तीसपैकी तीस पडले.

त्या नऊ दिवसांत मी त्याला सांगितलं होतं, जा. हवं तर दोनच दिवस जा, पण जा. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू गेली होतीस ना," तो म्हणाला. "काय झालं ते दिसतंय मला."

हे वाक्य मी दोन वर्षं पोटात ठेवलं. त्याच्याशी बोलणं तोडलं नाही, कारण पादोव्यात आमच्या भाषेत बोलायला मला दुसरं कोण होतं? त्याच्या वाढदिवसाला केक केला, त्याला ताप आला तेव्हा सूप दिलं. पण त्याचा एकेक पेपर सुटत गेला तसा माझा जीव जळत गेला. खोटं कशाला बोलू, मला त्याच्या आईचं दुःख कमी होतं आणि त्याच्या मार्कांचं जास्त.

या सप्टेंबरात त्याच्या पदवीची तारीख लागली, आणि त्याचा वर्गमित्र जाकोपो माझ्या बारमध्ये येऊन बसला. त्याच्याकडे पापिरोचं काम आलं होतं. पापिरोशिवाय इथे कोणी पदवीधर होत नाही. मित्रांनी मिळून दारापेक्षा उंच पोस्टर करायचं, वर त्या पोराचं नागडं व्यंगचित्र, खाली यमक जुळवून त्याची सगळी लक्तरं: कुठे ओकला, कोणी लाथाडलं, कोणत्या प्रोफेसरला झोपेत काय बोलला. पदवीच्या दिवशी ते रस्त्यातल्या भिंतीला लावतात, आणि ज्याचं आहे त्याला विचित्र कपड्यांत उभं करून मोठ्याने वाचायला लावतात. अडखळला की वाइनचा घोट, वर अंडी आणि पीठ. तोपर्यंत त्याला एक ओळ दाखवत नाहीत. इथल्या आया स्वतः पोराचे उघडेनागडे फोटो पुरवतात आणि पुढच्या रांगेत उभ्या राहून हसतात.

जाकोपोने वही काढली. म्हणाला, तू त्याला पहिल्या वर्षापासून ओळखतेस, दे काहीतरी चमचमीत. मी दिलं. कुंडीची गोष्ट दिली, स्पॅनिश पोरीची दिली, चड्डीची दिली. तो लिहीत होता, हसत होता. मग म्हणाला, अजून एखादं, शेवटी टाकायला.

त्याला शाल्वाची आई गेल्याचं माहीत नव्हतं. वर्गात कोणालाच नव्हतं. शाल्वाने सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर रडू येईल आणि रडलो तर पेपर जाईल, असं त्याचं गणित होतं. म्हणून मी जाकोपोला एवढंच सांगितलं की तीन जुलैला कार्ड हातात पडलं, तरी हा अठरा तारखेपर्यंत बापाला फोनवर रडून सांगत होता की आलं नाही, घरी कसा येऊ. जाकोपोला वाटलं, पोरगं सुट्टीत घरी जाऊन द्राक्षं तोडायचं टाळत होतं. तो टेबलावर थाप मारून हसला. मी त्याला दुसरी कॉफी दिली.

पदवीच्या दोन दिवस आधी जुम्बेर काका आले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेला, रुंद हाडाचा, साठीचा माणूस. अंगात काळा शर्ट. बायको गेल्यापासून त्यांनी दुसरा रंग घातला नव्हता. बॅगेत कपडे कमी आणि खाणं जास्त: चीज, वाळवलेली फळं, द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा. मला पाहिल्यावर त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळावर ओठ टेकवले. शाल्वा म्हणाला होता की अडीअडचणीला हिनेच बघितलं, म्हणून मी त्यांच्या लेखी लेकच झाले.

जेवताना त्यांनी विचारलं की ती पोलिसांची कचेरी कुठे आहे. शाल्वाचा काटा हवेतच राहिला.

"भांडायला नाही जायचं," काका म्हणाले. "तिथे जो कोण साहेब बसतो त्याच्यासमोर उभं राहायचं आणि एक वाक्य बोलायचं. ग्वांत्सा, तू मला ते त्यांच्या भाषेत शिकव. माझी बायको नऊ दिवस तुमच्या कागदाची वाट बघत होती. बास, एवढंच."

मी शिकवलं. ते जाड जिभेने पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, मी उच्चार सुधारत राहिले, आणि समोर शाल्वा ताटातल्या भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत बसला. शेवटी कचेरी या आठवड्यात बंद आहे, असं त्याने ठोकून दिलं. काकांनी लगेच विश्वास ठेवला. त्या कचेरीविषयी वाईट काहीही सांगा, त्यांना पटायचं.

मी निघाले तेव्हा शाल्वा मला सोडायला जिन्यात आला. मागे दार ओढून घेतलं, तरी आवाज खाली आणला.

"परवा बाबा तुझ्याशेजारी उभे राहतील," तो म्हणाला. "वाचणार मी, पण त्यांना सांगणार तू. जाकोपोने काय घाण लिहिलीय देव जाणे. तू गाळून सांग."

"सांगेन."

"आणि ते दुसरं... ते तर कोणाला माहीतच नाही ना?"

"कोणालाच नाही," मी म्हणाले.

"बाबांना कळलं तर मी संपलो, ग्वांत्सा. आई गेली, आता मला तेवढेच आहेत."

त्याने माझा हात धरला होता. त्या रात्री जाकोपोला एक मेसेज केला असता तरी भागलं असतं, शेवटची ओळ काढ म्हणून. फोन उशाशी होता. मी मेसेज केला नाही, आणि मला झोपही चांगली लागली.

पदवीच्या दिवशी सभागृहात शाल्वाचं नाव पुकारलं, एकशे दहापैकी एकशे दहा, वर विशेष गौरव, आणि इथे प्रत्येक पदवीधराला म्हणतात तसं डॉक्टर. जुम्बेर काकांना आकडा कळला नाही, पण लोक उभे राहिले ते कळलं. ते उघडपणे रडले. खिशातून लामाराचा फोटो काढून त्यांनी तो व्यासपीठाच्या दिशेने धरला, तिला दिसावं म्हणून. मीही टाळ्या वाजवल्या. माझ्या हातांना बारच्या साबणाचा वास होता.

बाहेर आल्यावर पोरांनी शाल्वाला पकडलं. डोक्यावर तेजपत्त्याच्या पानांचा मुकुट, अंगात चड्डीवर बांधलेला पांढरा लंगोट, गळ्यात भलीमोठी दुधाची बाटली, तीत वाइन. भिंतीवर पापिरो लागला. व्यंगचित्रात शाल्वा द्राक्षाच्या घडावर नागडा बसला होता. काका बावचळले. मी म्हणाले, इथली रीत आहे काका, ज्याचा मान मोठा त्याची चेष्टा मोठी. ते मान डोलावून माझ्याजवळ सरकले आणि कान माझ्याकडे केला.

शाल्वा वाचू लागला. पहिल्या कडव्यात तो प्रोफेसरांच्या घरी जेवायला जाऊन त्यांच्या बायकोच्या लाडक्या कुंडीत ओकला होता. गर्दी खिदळली.

"काय म्हणाला?"

"प्रोफेसरांच्या घरी जायचा, त्यांच्या झाडांची काळजी घ्यायचा."

काका खूश झाले. म्हणाले, माळ्याचं रक्त आहे. पुढच्या कडव्यात स्पेनच्या पोरीने त्याला नेसत्या टॉवेलानिशी खोलीबाहेर काढलं होतं आणि टॉवेल दारात अडकला होता. मी सांगितलं की स्पेनच्या एका मुलीला त्याने गणित शिकवलं. काका म्हणाले, चांगलं केलं, शिकवावं. असं चाललं होतं. शाल्वाच्या कानावरून अंड्याचा बलक ओघळत होता, तो हसत होता, मधूनच माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. आपली दोघांची युक्ती कशी जमतेय, अशा त्या नजरेने मी आणखीच चिडले. तो माझ्यावर पूर्ण भरवसा टाकून उभा होता आणि मला तेच सहन होत नव्हतं.

मग तो शेवटच्या ओळींवर आला आणि थांबला. ओठ हलले, आवाज आला नाही. पोरांना वाटलं अडखळला. त्यांनी बाटली तोंडात खुपसली आणि घोट घोट म्हणून ओरडायला लागले. त्याने बाटलीवरून माझ्याकडे पाहिलं. आता डोळे मिचकावले नाहीत. मान अगदी थोडी, नको अशी हलवली. जाकोपो ओरडला, मोठ्याने, डॉक्टरसाहेब, मागच्यांना ऐकू येत नाही. शाल्वाने वाचलं:

तीन जुलैला कार्ड हातात, लपवलं गादीखाली,
बापाला फोनवर रडून सांगे, 'बाबा, तारीख पुढे गेली!'

पोरं हसली. कोणीतरी पिठाची पिशवी फोडली.

"हे काय म्हणाला?" काकांनी विचारलं. ते अजून हसतच होते.

काहीही सांगता आलं असतं. बापाची आठवण काढून रडायचा, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी मला जवळ घेतलं असतं. माझ्या जिभेवर ते वाक्य तयारही होतं. मी ते गिळलं आणि दोन्ही ओळी शब्दाला शब्द त्यांच्या कानात सांगितल्या, तारखेसकट, सावकाश.

काकांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर काही वेळ तसंच राहिलं, कोणी आवरायला विसरल्यासारखं.

"कुठला जुलै?"

"तोच," मी म्हणाले. "मी पण त्याच रांगेत होते."

ते जागचे हलले नाहीत. पोरांचं घाणेरडं गाणं झालं, मुकुट सरळ करून फोटो झाले, तोवर ते हात मागे बांधून उभे राहिले. गर्दी पांगायला लागली तेव्हा ते शाल्वाकडे गेले. मी मागोमाग गेले. मला ऐकायचं होतं. त्यांनी त्याच्या कानाला चिकटलेलं अंड्याचं टरफल दोन बोटांनी काढलं आणि खाली टाकलं.

"बाबा, माझं वीस तारखेचं तिकीट होतं," शाल्वा म्हणाला. लंगोटात उभा राहून. "पेपर झाला की मी येणारच होतो. अजून दोनच दिवस थांबला असतात तर."

"नवव्या दिवशी तिचा चेहरा झाकावा लागला," काका म्हणाले. "तुझ्या आजीला जवळ जाऊ दिलं नाही. तिला तोंड बघायचं होतं. मी म्हणालो, शाल्वा आला की एकदाच उघडू."

"बाबा."

"मी मेलो की त्याच दिवशी पुरायचं, असं गावात सांगून ठेवतो. तुझ्यासाठी कोणी थांबणार नाही. तू निवांत परीक्षा दे."

त्यांनी आवाज चढवला नाही. जाकोपो लांबून आम्हाला पाहून अंगठा दाखवत होता. त्याला वाटलं बाप पोराला आशीर्वाद देतोय. शाल्वा वडिलांच्या मागे दोन पावलं आला आणि मग थांबला. माझ्याजवळ आल्यावर त्याने विचारलं, "बरं वाटलं?"

"हो," मी म्हणाले. तेव्हा खरंच वाटत होतं.

काकांना विमानतळाच्या बसपर्यंत मीच नेलं, दुसरं कोण नेणार होतं. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, पण ते म्हणाले की तिथल्या बाकावर बसेन. बॅग मला उचलू दिली नाही. थांब्यावर आम्ही बराच वेळ उभे होतो. मला वाटत होतं की ते माझे आभार मानतील. इतक्या वर्षांत खरं सांगणारी एक तरी निघाली, असं काहीतरी म्हणतील. मी त्याची वाट बघत होते, हे सांगायला आज लाज वाटते.

"ती पोरं झाडांना पाणी घातल्यावर इतकी हसत नाहीत," काका म्हणाले.

मी थांब्यावरचं वेळापत्रक बघायला लागले.

"तू सगळंच बदलून सांगत होतीस. पहिल्या ओळीपासून कळत होतं मला. म्हटलं, पोरगी चांगली आहे, म्हाताऱ्याचा मान राखतेय." ते बसच्या दिशेला बघत होते. "एकच ओळ जशीच्या तशी सांगितलीस."

"ते खरं होतं, काका."

"खरं होतं. लामाराची आई नव्वदीची आहे. अजून दर रविवारी विचारते, पोराला आईचं तोंड का नाही बघता आलं. दोन वर्षं मी तिला सांगतोय की कागद आला नव्हता. मी खरं बोलत होतो, ग्वांत्सा. मला तेच खरं माहीत होतं." त्यांनी बॅग उचलली. "या रविवारपासून मला म्हातारीशी खोटं बोलायचंय. ती मरेपर्यंत, दर रविवारी. हे मला शाल्वाने नाही दिलं."

बस आली. चढताना त्यांनी माझ्या कपाळाला ओठ लावले नाहीत. ड्रायव्हरला तिकीट दाखवलं आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले. माझी बारमधली पाळी चारला सुरू होणार होती, आणि पावणेचार झाले होते.